एकच फळा, दोन विचारणारे

संगणकाच्या वर्गात करून पाहण्याजोगा एक लहानसा प्रयोग आहे. सी भाषेची तोंडओळख असलेल्या बारावीच्या विद्यार्थ्यालाही तो सहज जमतो. लिनक्स प्रणाली असलेल्या संगणकावर गेटसर्व्हबायनेम हे फंक्शन 'एफटीपी' या सेवेचे नाव देऊन बोलवायचे आणि मिळालेला पॉइंटर पहिल्या चलात ठेवायचा. मग तेच फंक्शन 'टेलनेट' हे नाव देऊन बोलवायचे आणि मिळालेला पॉइंटर दुसऱ्या चलात ठेवायचा. आता दोन्ही चलांतून पोर्ट क्रमांक छापून पाहायचे. पहिल्यात २१ आणि दुसऱ्यात २३ अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात दोन्हीकडे २३ उमटतात! (२३ च्या जागी ५८८८ दिसले तर गोंधळून जाऊ नये. जाळ्यावर संख्येचा मोठा बाइट आधी पाठवण्याचा संकेत आहे, तर इंटेलच्या संगणकात धाकटा बाइट आधी असतो. २३ गुणिले २५६ करून पाहा. एनटीओएचएस हे फंक्शन क्रम सरळ करून देते.)

मग २१ गेले कुठे? याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

एका संगणकावर एकाच वेळी अनेक सेवा चालू असतात. टपाल स्वीकारणारी एक, फायली देणारी दुसरी. बाहेरून आलेला निरोप कोणत्या सेवेकडे द्यायचा हे ठरवण्यासाठी प्रत्येक सेवेला एक क्रमांक असतो. अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे १९६९ मध्ये सुरू झाले, तेव्हा हे क्रमांक ज्याने त्याने आपल्या मनाने घेतले तर चालण्यासारखे होते. पण १९७२ च्या मे महिन्यात जॉन पोस्टेल या तरुण संशोधकाने सुचवले की, अधिकृत क्रमांक वाटण्याचे काम एका माणसाकडे असावे, आणि तो माणूस बहुधा आपणच असावा! पुढे १९९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत पोस्टेल यांनी ही नोंदवही सांभाळली. जॉयस रेनॉल्ड्स या सहकारी त्यांच्या सोबत होत्या.

या वहीतले जुने क्रमांक बहुतेक विषम आहेत, हे आपल्या लक्षात आले असेल: २१, २३, २५, ७९. अर्पानेटच्या पहिल्या पद्धतीत जोडणी एकाच दिशेने चाले, म्हणून जाण्यायेण्यासाठी सम आणि विषम अशी जोडी लागे. १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी आले. त्यात एकच जोडणी दोन्ही दिशांनी चालते, तेव्हा सम क्रमांकांची गरज उरली नाही. त्यांपैकी २२ हा रिकामा क्रमांक फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी जुलै १९९५ मध्ये आपल्या एसएसएचसाठी मागितला, आणि दुसऱ्याच दिवशी तो त्यांना मिळालाही. आजच्या कोणत्याही कचेरीत इतक्या झटपट काम होईल, असे आम्हाला वाटत नाही. असो.

क्रमांक ठरले तरी ते आज्ञावलीत जागोजाग लिहून ठेवणे बरे नव्हे. नावावरून क्रमांक शोधण्याची सोय हवी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संगणक-गटाने ऑगस्ट १९८३ मध्ये युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर काढली आणि तीत ही सोय केली. सर्व्हिसेस नावाच्या एका साध्या फाईलमध्ये ओळीमागून ओळ लिहायची: सेवेचे नाव, क्रमांक, टीसीपी की यूडीपी, आणि असल्यास टोपणनावे. टपालाच्या 'एसएमटीपी' सेवेचे टोपणनाव 'मेल'. या फाईलमध्ये नाव शोधून देणारे फंक्शन म्हणजेच आपले गेटसर्व्हबायनेम.

प्रश्न असा होता की, सापडलेले उत्तर ठेवायचे कुठे? शाळेच्या कार्यालयातला लेखनिक डोळ्यांपुढे आणू. आपण त्याला एखाद्या मुलाचा हजेरी क्रमांक विचारला. तो रजिस्टर उघडतो, क्रमांक भिंतीवरच्या फळ्यावर लिहितो आणि म्हणतो, "तिथे पाहा." पुढचा प्रश्न आला की फळा पुसून नवे उत्तर लिहितो. बर्कलेच्या फंक्शनने हेच केले. स्मृतीत एक कायमची जागा राखून ठेवली, उत्तर तिथे लिहिले आणि त्या जागेचा पत्ता परत दिला. आपल्या प्रयोगातले दोन्ही पॉइंटर एकाच फळ्याकडे बोट दाखवत होते!

आज या रचनेला नावे ठेवणे सोपे आहे. पण सी भाषेत मागून घेतलेली जागा कोणीतरी आठवणीने परतही करावी लागते. टोपणनावे किती असतील हे आधी माहीत नसते, म्हणून जागा किती लागेल तेही सांगता येत नाही. फळा ठेवला की दोन्ही चिंता मिटतात. शिवाय तेव्हाच्या युनिक्समध्ये एका प्रोसेसमध्ये कामाचा एकच ओघ चाले आणि प्रत्येक प्रोसेसची स्मृती वेगळी असे. म्हणजे प्रत्येक फळ्यासमोर एकच माणूस. त्याने उत्तर वेळेवर उतरवून घेतले की झाले. आमच्या मते १९८३ साली ही निवड शहाणपणाचीच होती.

परिस्थिती बदलली ती थ्रेड आल्यावर. एकाच प्रोसेसमध्ये कामाचे अनेक धागे, आणि सगळ्यांची स्मृती सामाईक. समजा, पहिल्या धाग्याने टपालसेवेचा क्रमांक विचारला आणि फळ्यावर २५ लिहिले गेले. तो वाचण्यापूर्वीच प्रणालीने त्याला थांबवून दुसऱ्याला पुढे केले. त्याने टेलनेट विचारले. फळा पुसून २३ आले. पहिला परतला, त्याने २३ वाचले आणि टपाल घेऊन भलत्याच दारावर गेला. लिहिता लिहिताच गाठ पडली, तर नाव एकाचे आणि क्रमांक दुसऱ्याचा असेही होऊ शकते. असा दोष हजार वेळा दिसत नाही, एकदाच दिसतो, आणि शोधायला बसले की दडून राहतो. आज्ञावली लिहिणाऱ्यांची झोप उडवणारी गोष्ट ती हीच.

फंक्शनच्या दाराला कुलूप लावले तर? एका वेळी एकच धागा आत. हा उपाय विद्यार्थी हमखास सुचवतात, पण तो अपुरा आहे. लेखनिक कुलूप काढून मोकळा होतो तेव्हा उत्तर फळ्यावरच असते, वाचायचे बाकी! उत्तर उतरवून घेईपर्यंत कुलूप विचारणाऱ्याच्या हाती राहायला हवे, आणि प्रत्येक विचारणाऱ्याने तेच कुलूप वापरायला हवे. उतरवून घेण्यातही एक खोच आहे. उत्तराच्या रचनेत नावे नसतात, नावांचे पत्ते असतात. नुसती रचना उतरवली, तर क्रमांक आपल्याकडे येतो, पण नावे फळ्यावरच राहतात.

खरा उपाय साधा होता: विचारणाऱ्याने आपली पाटी घेऊन यावे. १९९५ मध्ये पॉझिक्सच्या थ्रेडविषयक प्रमाणकाने अशी नवी फंक्शने दिली. जुन्या नावापुढे अधोरेषा आणि 'आर' हे अक्षर. वेळ सांगणारी, शब्द तोडणारी, वापरकर्त्याची नोंद शोधणारी फंक्शने त्यात आली. जाळ्याची फंक्शने मात्र राहिली, कारण सॉकेटचा विषय तेव्हा त्या प्रमाणकात नव्हताच. मग व्हायचे तेच झाले. सोलारिसने गेटसर्व्हबायनेमची 'आर' आवृत्ती एका तऱ्हेने केली, एआयएक्सने दुसऱ्या आणि लिनक्सच्या ग्रंथालयाने तिसऱ्या तऱ्हेने. नाव तेच, पण द्यायच्या गोष्टी आणि मिळणारे उत्तर वेगळे. लिनक्सच्या तऱ्हेत आणलेली पाटी लहान पडली, तर ईरेंज ही त्रुटी परत येते. मग मोठी पाटी घेऊन पुन्हा विचारायचे.

प्रमाणित उत्तर आले ते भलत्याच गरजेतून. आयपीच्या सहाव्या आवृत्तीचे लांब पत्ते हाताळण्यासाठी गेटअॅडरइन्फो हे फंक्शन आखले गेले. त्याचा मसुदा १९९७ चा आणि पॉझिक्समध्ये प्रवेश २००१ चा. यजमानाचे आणि सेवेचे नाव एकदमच द्यायचे. ते दरवेळी नव्या कागदावर उत्तर लिहून देते, आणि काम झाल्यावर फ्रीअॅडरइन्फो बोलवून कागद परत करायचा. जागा कोण परत करणार, हा १९८३ चा प्रश्न इथे सरळ विचारणाऱ्यावर सोपवला आहे.

यजमानाचे नाव शोधणारे जुने गेटहोस्टबायनेम २००८ च्या पॉझिक्समधून वगळले गेले. गेटसर्व्हबायनेम मात्र टिकून राहिले; ते धाग्यांसाठी सुरक्षित असलेच पाहिजे, अशी अट त्याला घातली गेली नाही. फ्रीबीएसडीने आणि विंडोजने प्रत्येक धाग्याला वेगळा फळा देऊन आपल्यापुरता प्रश्न सोडवला आहे. त्या प्रणालींवर सुरुवातीचा प्रयोग केला तरी दोन्हीकडे २३ च येतील, कारण तिथे दोन्ही प्रश्न एकच धागा विचारतो.