बडोद्याचा जर्मन बागवान

पिशोर-कन्नडच्या डोंगराळ मुलुखाच्या पश्चिमेस नाशिक जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यांतील मालेगांव तालुक्यांत कवळाणें नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथील एका शेतकरी घराण्यांतील गोपाळराव नांवाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ सालीं बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला, ही कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. तितकीशी श्रुत नसलेली गोष्ट अशी, कीं या महाराजांच्या संस्थानांत १८९३ सालीं एक जर्मन माळी नोकरीस आला, आणि पुढें त्याच माळ्यानें दक्षिणेंतील एका शहराचें रूप पालटून टाकलें. गुस्टाव्ह हेर्मान क्रुंबीगेल हें त्याचें नांव.

क्रुंबीगेल यांचा जन्म १८ डिसेंबर १८६५ रोजीं सॅक्सनी प्रांतांत, ड्रेस्डेन शहराजवळील लोहमेन या गांवीं झाला. त्या काळच्या युरोपांत बागकाम हा पुस्तकी विद्येपेक्षां उमेदवारीचा विषय होता. ज्याला बागवान व्हावयाचें असेल त्यानें आधीं माती चाळावी, कुंड्या धुवाव्या, काचघरांतील शेगडी रात्रीं-अपरात्रीं उठून पाहावी. मग कुठें त्याच्या हातांत कात्री पडावयाची. पिल्नित्स येथील राजोद्यानाच्या परिसरांत या शिस्तींत तयार झालेल्या तरुणाचें लक्ष मात्र इंग्लंडांतील क्यू येथील उद्यानाकडे लागून राहिलें होतें. १८८८ सालीं तो इंग्लंडांत पोहोंचला. क्यूचें दार लागलीच उघडलें नाहीं, म्हणून प्रथम लंडनच्या हाइड पार्कमधील फुलांचे वाफे आंखण्याचें काम त्यानें पत्करलें, आणि त्यानंतर त्याला क्यूमध्यें प्रवेश मिळाला.

क्यू म्हणजे निव्वळ शोभेची बाग नव्हे. ब्रिटिश साम्राज्याचें तें जणूं वनस्पतींचें कोठार होतें. हिवतापावरील क्विनाईन ज्या सिंकोना वृक्षाच्या सालींतून निघतें तो दक्षिण अमेरिकेंतून निलगिरीवर आला तो क्यूच्याच मध्यस्थीनें. आणि ब्राझीलमधून १८७६ सालीं आलेलें रबराचें बीं तेथेंच रुजवून त्याचीं रोपें सिंहलद्वीपास रवाना झालीं. एखादें झाड एका खंडांतून दुसऱ्या खंडांत गेलें, तर त्याबरोबर व्यापार, मजुरी आणि कधीं कधीं एखाद्या राष्ट्राचें भवितव्यहि स्थलांतर करतें, हा धडा क्यूमध्यें शिकलेल्या माणसास वेगळा द्यावा लागत नसे.

बडोद्यांतील प्रसिद्ध सार्वजनिक बाग क्रुंबीगेल यांनीं स्थापिली, असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. विश्वामित्री नदीच्या कांठची ती बाग, जिला लोक कमाटी बाग म्हणत, १८७९ सालीं अस्तित्वांत आली. महाराज तेव्हां अज्ञान होते आणि कारभार तंजावरकडील मराठी घराण्यांतले दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. १८९० मध्यें पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याभोंवतालच्या उद्यानाची आंखणीहि विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानकाराची. क्रुंबीगेल यांच्या वांट्यास आलें तें संस्थानच्या वनस्पति-उद्यानांची देखरेख करण्याचें काम, आणि तें कमी कठीण नव्हे. बाग आंखणारा नकाशा देऊन निघून जातो. राखणाराला वैशाखांतलें ऊन, विहिरीचा तळ आणि वाळवी यांच्याशीं रोज गांठ असते. विलायतेंतल्या हिरवळीची कल्पना गुजरातच्या उन्हांत जशीच्या तशी उतरत नाहीं. झाडांची सावली हीच येथली खरी हिरवळ, ही जाण त्यांच्या पुढील सर्व कामांत दिसते.

या नेमणुकीच्या वर्षींच, म्हणजे १८९३ मध्यें, महाराजांनीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. शाळा, ग्रंथालय, पदार्थसंग्रहालय आणि बाग या सर्व वस्तु त्यांच्या दृष्टीनें एकाच कुळांतल्या होत्या. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत गुजरातेंत माणसें आणि गुरें यांचा अतोनात संहार झाला. अशा मुलुखांत फुलझाडांवर पैसा कां खर्चावा, हा प्रश्न त्या वेळीं कोणी विचारला असता तर तो वावगा ठरला नसता. त्याला पुरतें समाधानकारक उत्तर नाहीं. एवढेंच म्हणतां येतें, कीं राजवाड्याच्या भिंतीआड राहिलेली बाग आणि गांवच्या सामान्य माणसाला संध्याकाळीं मोकळी असलेली बाग यांचा हिशेब एका खात्यांत मांडूं नये.

सुमारें पंधरा वर्षें बडोद्यास काढल्यावर, म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वाडियार यांच्या राज्यांत त्यांना बोलावणें आलें. १९०८ सालीं त्यांनीं बंगळूरच्या लालबागेचीं सूत्रें जॉन कॅमेरॉन यांच्या मागून हातीं घेतलीं. लालबाग मूळची हैदरअल्लीची, १७६० सालची. तिच्यांतलें सुप्रसिद्ध काचगृह कॅमेरॉन यांच्या कारकीर्दींत, १८८९ सालीं उभें राहूं लागलें. क्रुंबीगेल यांनीं या वारशाला घराबाहेर काढलें, असें म्हटल्यास चालेल. बागेच्या चार भिंतींत राहणारें शास्त्र त्यांनीं शहराच्या रस्त्यांवर आणि शेतकऱ्याच्या परसांत नेऊन सोडलें. १९१२ सालीं म्हैसूर उद्यानविद्या मंडळ स्थापन झालें, आणि ज्या विद्येवर तोंवर सरकारी खात्याचीच मालकी होती तींत सामान्य हौशी माणसाचाहि शिरकाव झाला.

त्यांच्या नांवाशीं सर्वांत अधिक जोडली गेलेली कल्पना म्हणजे क्रमानें फुलणाऱ्या वृक्षांची. एका रस्त्याचीं झाडें एकदम फुलून पंधरवड्यांत ओकीं होतात. पण एका जातीचा बहर ओसरतांच दुसरीचा सुरू होईल अशी निवड केली, तर शहरांत कुठें ना कुठें बारमास रंग राहतो. उन्हाळ्याच्या तोंडीं नीलमोहर, वैशाखांत मादागास्करहून आलेला गुलमोहर, अशी ही पाळी. यासाठीं प्रत्येक झाडाच्या फुलण्याची वेळ त्या त्या हवेंत वर्षानुवर्षें पाहून टिपावी लागते, आणि तें झाड फुलेल तेव्हां लावणारा बहुधा तेथें नसतो. आज बंगळुरांत दिसणारा प्रत्येक मोहर त्यांच्याच हातचा, असें मात्र समजूं नये. १९८० नंतर वनखात्यानेंहि तेथें मोठ्या प्रमाणावर झाडें लावलीं. शिवाय ज्या माळ्यांनीं खड्डे खणले आणि पखालीनें पाणी घातलें, त्यांचीं नांवें कोणत्याहि फलकावर नाहींत.

ज्या साम्राज्याच्या छायेखालीं हा मनुष्य झाडें लावीत होता, त्या साम्राज्याचें त्याच्या मायभूमीशीं १९१४ सालीं युद्ध जुंपलें. म्हैसूर संस्थान असलें तरी सार्वभौम सत्ता इंग्रजांची होती, आणि इतर जर्मनांबरोबर क्रुंबीगेल यांनाहि कांहीं काळ स्थानबद्धतेंत राहावें लागलें. दुसऱ्या महायुद्धांतहि हाच प्रसंग पुनः आला. १९३९ सालीं त्यांचें वय त्र्याहत्तर वर्षांचें होतें आणि ते नोकरींतून निवृत्त होऊन सात वर्षें झालीं होतीं. आयुष्याचीं चाळीसांहून अधिक वर्षें ज्या देशाच्या मातींत घातलीं, त्या देशांत त्यांना शत्रूच्या प्रजाजनांत मोजलें गेलें. आणि तें मोजणारे त्या देशाचे नव्हते, ही यांतली विशेष गोष्ट.

दोन युद्धांमधल्या काळांत त्यांचें नांव आणखी एका कामाशीं जोडलें गेलें. कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशीं दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनीं काश्मीरच्या शालिमार बागेच्या धर्तीवर वृंदावन उद्यान उभें केलें, त्याच्या रचनेंत क्रुंबीगेल यांचा सल्ला होता. महाराष्ट्रांतून म्हैसूरला जाणाऱ्या प्रवाशानें दिव्यांच्या उजेडांत नाचणारीं तेथील कारंजीं पाहिलीं नाहींत, असें सहसा होत नाहीं. त्यामागें बडोद्यांत तयार झालेला हात होता, हें मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें.

१९३२ सालीं ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा एच. सी. जवरय्या या भारतीय अधिकाऱ्यानें घेतली. क्रुंबीगेल जर्मनीस परतले नाहींत. बंगळुरांतच ८ फेब्रुवारी १९५६ रोजीं, नव्वद वर्षांचे होऊन, ते वारले. होसूर रस्त्यावरील दफनभूमींत त्यांचें थडगें आहे. लालबागेजवळच्या एका रस्त्याला आणि बागेंतल्या एका जुन्या व्याख्यानगृहाला त्यांचें नांव देण्यांत आलें. तें व्याख्यानगृह दुरुस्तीअभावीं जीर्ण होत गेलें आणि २०१७ सालीं त्याचा बराच भाग ढांसळला. रस्ता आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं शहरांत नीलमोहर अजूनहि फुलतो.