नकाराचा अधिकार : जाहिरात आणि प्रकाशकाची पत

नियतकालिकांचा इतिहास लिहिताना जाहिरातींचा विचार बहुधा अर्थकारणापुरता होतो. वस्तुतः जाहिरात आणि नियतकालिक यांचे नाते आरंभापासूनचे आहे. २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात निघालेल्या हिकीच्या गॅझेटने ‘जनरल ॲडव्हर्टायझर’ हे शब्द आपल्या पूर्ण नावातच धारण केले होते. वाचक एकाच पानावर मजकूर वाचतो आणि जाहिरातही पाहतो; साहजिकच दोहोंच्या बऱ्यावाईटाचे श्रेय तो एकाच व्यक्तीला, म्हणजे प्रकाशकाला देतो. अनुचित जाहिरातीचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

मुद्रणयुगात या प्रश्नाची तीव्र जाणीव गांधीजींना झालेली दिसते. १९०३ साली दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या ‘इंडियन ओपिनियन’ने १९१२ साली जाहिराती बंद केल्या. पुढे येरवड्याच्या तुरुंगात लिहावयास घेतलेल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात त्यांनी या निर्णयाची कारणे दिली आहेत. कोणती जाहिरात घ्यावी व कोणती नाकारावी, हा नेहमीच नाजूक प्रश्न असे. एखादी जाहिरात आक्षेपार्ह वाटली तरी जाहिरातदार समाजातील प्रतिष्ठित गृहस्थ असल्यास त्याचे मन दुखवू नये म्हणून ती घ्यावी लागे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की ही अडचण भिडेची होती, अधिकाराच्या अभावाची नव्हती. नकार देणे अवघड होते, पण शक्य होते. म्हणूनच गांधीजी तो सरसकट देऊ शकले.

स्वातंत्र्योत्तर काळात ही नैतिक जबाबदारी नियमांतही आली. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर १९५४च्या कायद्याने निर्बंध आले. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेनेही जाहिरातींसह सर्व मजकुराची जबाबदारी संपादकावर टाकली. ती नाकारावयाची असल्यास तसे आधीच स्पष्ट छापावे, असे सांगितले. मराठी वृत्तपत्रांत जाहिरातींखाली आढळणारी, मजकुराची शहानिशा वाचकांनी स्वतः करावी, अशा आशयाची सूचना या संदर्भात वाचली पाहिजे. जबाबदारी झटकणारी ती ओळही जबाबदारी मुळात कोणाची, हे अप्रत्यक्षपणे मान्य करते.

महाजालावर आरंभी परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’वर झळकलेल्या पहिल्या पट्टी-जाहिराती मासिकाच्या पानाप्रमाणेच थेट विकलेल्या होत्या. मात्र लवकरच एक विलक्षण उलटापालट झाली. ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळावर कोणीही आपले पान तयार करू शकत असे. एका मोठ्या मोटार कंपनीची जाहिरात तेथील लैंगिक मजकुराच्या पानावर दिसली आणि कंपनी संतापली. तेव्हा जाहिरात पानापासून वेगळी दिसावी म्हणून इथन झकरमन यांनी स्वतंत्र खिडकीत उघडणारी ‘पॉप-अप’ जाहिरात रचली. वाचकांना नकोशा झालेल्या या प्रकाराबद्दल २०१४ साली त्यांनी जाहीर क्षमायाचना केली. तथापि या शोधामागची प्रेरणा पाहण्यासारखी आहे. चिंता होती ती जाहिरातदाराच्या प्रतिष्ठेची. पानाच्या प्रतिष्ठेचा विचार त्यात कोठेच नव्हता.

२००३ साली गूगलची ‘ॲडसेन्स’ योजना आली आणि जाहिरात निवडण्याचे काम यंत्राकडे गेले. पानावरील शब्द वाचून त्यांच्याशी जुळणारी जाहिरात यंत्र लावू लागले. परंतु शब्द कळणे आणि आशय कळणे यांत अंतर असते. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क पोस्ट’च्या संकेतस्थळावर, मृतदेहाचे तुकडे सुटकेसमध्ये भरल्याच्या बातमीशेजारी सुटकेसचीच जाहिरात अवतरली. साहित्याच्या विद्यार्थ्याला वाच्यार्थ आणि संदर्भ यांतील भेद शिकविण्यासाठी याहून भेदक उदाहरण क्वचितच मिळेल.

पुढे निवडीचा आधार पानाइतकाच वाचकही झाला. पान उघडताच, क्षणाच्या अल्प भागात, त्या वाचकापुरता लिलाव होतो. परिणामी एकाच लेखाशेजारी दोन वाचकांना भिन्न जाहिराती दिसतात आणि तक्रार करणाऱ्याने नेमके काय पाहिले, हे संपादकाला कळतच नाही. जुन्या वृत्तपत्राच्या फाइलीत जाहिरात मजकुरासोबत जपली गेली. येथे ती मागे खूणही ठेवत नाही. नको ती जाहिरात वा तिचा वर्ग वगळण्याची साधने प्रकाशकाला मिळतात हे खरे. परंतु वर्ग वगळला की बोली लावणारे कमी होतात आणि उत्पन्न घटते. म्हणजे नकार उरला आहे, पण त्याची किंमत प्रकाशकाने मोजावयाची आहे.

ही हानी केवळ अभिरुचीची नाही. सप्टेंबर २००९ मध्ये दूरध्वनी सेवा देणाऱ्या एका परिचित कंपनीच्या नावाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संकेतस्थळावर जागा घेण्यात आली आणि नंतर तेथून वाचकांना संगणकात विषाणू शिरल्याचे खोटे इशारे दाखविले गेले. फसविणारा तिऱ्हाईत होता. वाचकांना सावध करण्याची वेळ मात्र वृत्तपत्रावर आली. जानेवारी २०१३ मध्ये ‘द अटलांटिक’ने सायंटॉलॉजी पंथाची जाहिरात लेखाच्या रूपात प्रसिद्ध केली, टीका होताच काही तासांत काढली आणि चूक कबूल केली. येथे निवड यंत्राची नसून प्रकाशकाची स्वतःची होती. म्हणून सारा दोष यंत्रावर ढकलणे इतिहासाला धरून होणार नाही.

वाचकांनीही आपला मार्ग शोधला. सप्टेंबर २०१५ मध्ये ॲपलने आयफोनवर जाहिराती रोखणाऱ्या साधनांना वाव दिला आणि आधीपासून संगणकावर रुळलेला हा प्रकार हातातल्या फोनवर आला. त्याचा फटका बहुधा सभ्य जाहिराती घेणाऱ्यालाही बसतो. उलट, २०१६ साली ‘स्लेट’ व ‘न्यूयॉर्कर’ यांनी लेखाखाली येणाऱ्या सनसनाटी, शिफारसवजा जाहिरातींच्या चौकटी काढून टाकल्या. उत्पन्नावर पाणी सोडून पत राखण्याचा तो निर्णय होता.

मराठीत ‘पत’ या शब्दात आर्थिक विश्वासार्हता आणि अब्रू हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. प्रकाशनव्यवसायात ते वेगळे करताच येत नाहीत. गांधीजींच्या काळी अधिकार आणि उत्तरदायित्व एकाच हाती होते. आज अधिकार बव्हंशी लिलावाकडे गेला असून उत्तरदायित्व प्रकाशकाकडेच राहिले आहे. वाचक आजही पान कोणाचे हेच पाहतो. म्हणून संपादनाच्या अभ्यासात मजकुराच्या निवडीइतकेच जाहिरातीच्या नकारालाही स्थान मिळाले पाहिजे.