पितळेचं पातेलं आणि बाळाचं यकृत

प्रपोजल लिहिताना ‘कारण’ हा शब्द आपण पटकन वापरतो. तो सिद्ध करायला काय लागतं, ते ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’च्या इतिहासात छान दिसतं.

हा लहान मुलांचा आजार. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं घट्ट व्हायचं आणि बहुतेक मुलं दगावायची. एकाच घरात दोन-तीन भावंडांना व्हायचा, म्हणून तो आनुवंशिक असणार असं अनेकांना वाटे. पण भावंडांचे जीन्स जसे सारखे, तसं स्वयंपाकघरही एकच असतं ना!

१९७९ साली स्टुअर्ट टॅनर, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे आनंद पंडित आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं असतं. झालं, कारण सापडलं? नाही. शरीर जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृत बिघडलं की तांबं आपोआपही साठू शकतं. म्हणजे तांबं हे कारण की परिणाम?

याचं उत्तर मायक्रोस्कोपखाली मिळणार नव्हतं. मग प्रश्न आयांना विचारला गेला: बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवलं? शीला भावे, पंडित आणि टॅनर यांनी आजारी मुलांची माहिती निरोगी मुलांशी जोड्या लावून ताडून पाहिली (१९८७). आजारी मुलांना पितळेच्या भांड्यातलं दूध लवकर आणि जास्त मिळालं होतं. पितळेत तांबं असतंच. कल्हई नसेल तर ते दुधात उतरतं आणि दुधातल्या केसीनला चिकटतं. आईच्या दुधात मात्र ते अगदी कमी असतं.

पुढे दोन पुरावे जोडले गेले. तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन वेळेत दिलं तर काही मुलं वाचली. आणि घराघरात स्टील आलं, तसा आजार जवळपास दिसेनासा झाला.

तरी एक प्रश्न उरतोच. तेच दूध पिऊन कितीतरी मुलं ठणठणीत राहिली. म्हणजे आनुवंशिकतेचा काही वाटा असेलही. पण भांडं बदलायला त्या उत्तराची वाट बघावी लागली नाही.

तुमच्या विषयात ‘अ’ आणि ‘ब’ एकत्र दिसले, तर आधी एवढंच विचारा: आधी कोण आलं? आणि हे कुणाला विचारलं तर कळेल?