लॉगॅरिथमच्या कोष्टकामागचे हात

लॉगॅरिथममुळे गुणाकाराची बेरीज होते, घाताचा गुणाकार. आज तो कळ दाबताच मिळतो; पूर्वी माणसे काढीत. १७९० च्या दशकात फ्रान्समध्ये प्रोनी या अभियंत्याने १ ते २,००,००० संख्यांची कोष्टके करवून घेतली. ॲडम स्मिथची श्रमविभागणी त्याने हिशेबाला लावली: वर मोजके गणिती, मध्ये काही जाणकार, तळाशी ६०-८० जण. तळच्या बहुतेकांना बेरीज-वजाबाकीच येई. याच उदाहरणावरून इंग्लंडच्या बॅबेजने १८३२ साली दाखविले, की असले काम यंत्रही करील. १९७२ साली ह्यूलेट-पॅकर्डचे खिशातले यंत्र लॉगॅरिथम नि घात काढू लागले.

श्रोतेहो, आम्ही कामगार यंत्राचे वैरी नाही. पण प्रोनीचे नाव ग्रंथांत राहिले; तळाशी बसून आकडे मांडणाऱ्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांनी ऐकली आहेत?