मजकुराची किल्ली कोणाकडे? मुक्त सॉफ्टवेअर आणि मराठी लिपी

मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांपाशी आपण फार थोडा वेळ थांबतो. सकळ, सुंदरी ही नावे सांगतो, पंथीय ग्रंथांच्या गोपनीयतेचे कारण देतो आणि ‘लीळाचरित्रा’च्या गद्याकडे वळतो. वस्तुतः त्या थोडक्या वेळात सांगून होते ते आपल्या वाङ्मयेतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. मराठीतील आद्य गद्याचा हा ठेवा काही शतके पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचताच आला नाही. ग्रंथ नष्ट झाले नव्हते; मठांमधून त्यांच्या नकला होत होत्या. भाषाही मराठीच होती. ठरावीक अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह लिहिण्याचा संकेत तेवढा इतरांना ठाऊक नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने आणि काही महंतांच्या सहकार्याने तो संकेत उलगडला, आणि मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळाचे चित्रच बदलून गेले.

मुक्त सॉफ्टवेअरविषयी लिहिताना या प्रकरणाची आठवण होण्याचे कारण असे, की १९९० नंतरची जवळजवळ दोन दशके आपण सर्वांनी, कोणत्याही पंथाची दीक्षा न घेता, एका प्रकारच्या सकळ लिपीतच लेखन केले. मुक्त सॉफ्टवेअरची चर्चा आपल्याकडे बहुधा तंत्रज्ञांपुरती किंवा पैशांच्या बचतीपुरती राहते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की वाङ्मयाच्या अभ्यासकासाठी हा प्रश्न मुळात संहितेचा आहे: लिहिलेला मजकूर पुढच्या पिढीला वाचता येईल की नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

फाँट नावाची किल्ली

संगणकाच्या स्मृतीत अक्षर साठत नाही, अंक साठतो. कोणत्या अंकाला कोणते अक्षर म्हणायचे हा केवळ संकेत असतो. भारतीय लिप्यांसाठी असा संकेत ठरवण्याचे प्रयत्न आपल्याकडे लवकर झाले होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण प्रसिद्ध झाले. परंतु डीटीपीच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत रुळली ती वेगळी युक्ती. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवायची, आणि त्या चित्रांच्या संचाला फाँट म्हणायचे. कृतिदेव या प्रसिद्ध फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकला, की संगणकाच्या लेखी तेथे ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. ती देवनागरी दिसतात, कारण फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट काढून घेतला की उरतो तो अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग.

अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह: सांकेतिक लिपीची व्याख्या याहून वेगळी ती काय? शिवाय प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा होता. एका फाँटमधील ‘क’ दुसऱ्यात भलतेच काही होई. काही पॅकेजे तर डोंगल नावाचे कुलूप संगणकाला लावल्याखेरीज चालत नसत. महानुभावांची किल्ली निदान त्या ग्रंथांना प्राणापलीकडे जपणाऱ्यांच्या हाती होती. आपली किल्ली विक्रेत्याच्या हाती होती, आणि विक्रेत्याला मजकुराशी कर्तव्य असण्याचे कारण नव्हते.

मुद्रणाच्या युगाशी तुलना केली म्हणजे यातील नवेपण ध्यानात येते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापलेल्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे ही त्याची मालमत्ता होती आणि त्या वळणाची ख्याती देशभर होती. परंतु निर्णयसागरचा एखादा ग्रंथ विकत घेतल्यावर तो वाचण्यासाठी ते खिळे जवळ असावे लागत नसत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे ते पान आजही नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. १९९८ मध्ये टंकलेला प्रबंध मात्र फाँट, तो चालवणारे पॅकेज आणि ते पॅकेज चालवणारा संगणक या तिन्ही गोष्टी असतील तरच उघडतो. मराठी विभागांच्या कपाटांत पडलेल्या फ्लॉप्या आणि सीड्या ज्यांनी कधी उघडून पाहिल्या असतील त्यांना या विधानाचा पुरावा देण्याची गरज नाही.

फुकट आणि मुक्त

या बंदिस्तपणाला विरोध उभा राहिला तो दूर अमेरिकेत, आणि त्याच्या मुळाशी एक छापयंत्र होते. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडके. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरला त्याच्या आज्ञावलीत एक साधी सोय घालायची होती: कागद अडकला की वापरणाऱ्यांना तसा निरोप जावा. जुन्या प्रिंटरच्या बाबतीत त्याने ते केले होते. नव्याचा सोर्स कोड मात्र त्याला मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता त्याने कोणालाही न देण्याचा करार केलेला होता. आपण रोज वापरतो ती वस्तू दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही गोष्ट स्टॉलमनला तांत्रिक अडचण वाटली नाही, नैतिक वाटली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना आला. प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी वापरावा, त्याचा सोर्स कोड अभ्यासावा व बदलावा, प्रती वाटाव्यात आणि बदललेली आवृत्तीही वाटावी, अशी ही चार स्वातंत्र्ये आहेत. अट एकच: पुढे देताना हीच स्वातंत्र्ये पुढच्यालाही द्यायची. कॉपीराइटच्या कायद्याचाच उपयोग करून मजकूर बंद होऊ न देण्याची ही योजना कायद्याच्या इतिहासात लक्षणीय ठरावी. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनिश विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी ती याच परवान्याखाली आली. ‘ओपन सोर्स’ हा शब्द १९९८ चा. त्यात नैतिक आग्रह कमी, व्यवहार अधिक.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने फुकट आणि मुक्त या दोहोंचा बोध होत असल्याने स्टॉलमनला आयुष्यभर खुलासे करावे लागले. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत. तरीही आपण पहिल्याच अर्थाला धरून बसलो, हे आपल्या व्यवहारबुद्धीचे द्योतक म्हणावे लागेल.

मुक्त प्रोग्रॅम कोणीही बदलू शकतो म्हटल्यावर संहितेचा अभ्यासक प्रक्षेपाच्या शंकेने सावध होतो, आणि ते योग्यच आहे. एकनाथांना शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध करावी लागली ती नकलांतून शिरलेल्या पाठांमुळेच. परंतु पोथीच्या नकलाकाराने काय बदलले हे लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदल कोणी, केव्हा, कोणत्या ओळीत केला याची नोंद राहते. टोरवाल्ड्सनेच २००५ मध्ये त्यासाठी ‘गिट’ हे साधन केले. सर्व पाठभेद तारखांसह जपणारी ही परंपरा चिकित्सक आवृत्तीच्या संपादकाला परकी वाटू नये.

दर्या आणि दऱ्या

देवनागरीच्या कोंडीवरचा उपाय दोन दिशांनी आला. एक दिशा सामाईक संकेताची. ऑक्टोबर १९९१ मध्ये ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती आली. तीत जगातील लिप्यांना स्वतंत्र अंक होते आणि देवनागरीची मांडणी इस्कीवर आधारलेली होती. हे कार्य मोठ्या कंपन्यांच्या संघाचे आहे, मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे नव्हे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र संकेत सर्वांसाठी प्रसिद्ध असल्याने किल्ली कोणा एकाची उरली नाही. दुसरी दिशा त्या संकेतावर चालणाऱ्या मुक्त साधनांची.

या दोन्ही दिशा एका मराठी माणसाच्या हातून गेलेल्या आहेत. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसीतील प्राध्यापक. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा फाँट त्यांचा. आणि मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने जीपीएल परवान्याखाली खुला केलेला ‘रघू’ही त्यांचाच. वळण एकाच हाताचे, परवाने मात्र दोन. ‘मंगल’ आपल्याला आयता मिळाला आणि बहुसंख्य मराठी लेखकांची युनिकोडशी ओळख त्यानेच करून दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यात काही उणे आढळले तर आपण फक्त वाट पाहू शकतो. ‘रघू’ घेऊन मात्र कोणीही पुढे काम करू शकतो. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून घडवलेले ‘लोहित’ फाँट जीपीएलखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावाचे हे संस्कृत रूप. पुढे मुंबईच्या एक टाइप या गटाने ‘मुक्त’, ‘बलू’ असे देखणे फाँट खुल्या परवान्याने दिले.

दुरुस्तीचा हा अधिकार मराठीला का हवा? ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोड्या पाहाव्यात. समुद्राच्या दऱ्या झाल्या किंवा आचार्यांचे आचारी झाले, तर केवळ शुद्धलेखन बिघडत नाही, अर्थ बिघडतो. हा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या साधनांत त्याचे हाल होतात. युनिकोडमध्ये तो लिहिण्याचे दोन मार्ग आहेत: एक ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला शब्द एकच, परंतु शोधताना एक रूप दिले तर दुसरे सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळायला २००८ उजाडले. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही हिंदीहून भिन्न. अशा बारीक गोष्टींची काळजी कोणती दूरची कंपनी आपणहून घेईल? ‘लोहित’मध्ये मराठी वळणांसाठी वेगळा फाँट करता आला तो साधन खुले होते म्हणून.

याच संदर्भात केरळचे उदाहरण मननीय आहे. १९७१ मध्ये तेथे टंकलेखन यंत्राच्या सोयीसाठी मल्याळम लिपीची काटछाट झाली आणि शेकडो जोडाक्षरे मोडण्यात आली. आपल्याकडेही सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी यंत्राच्याच विचारातून आलेली होती, तेव्हा हा पेच आपल्याला अपरिचित नाही. संगणक आल्यावर आर. चित्रजकुमार, के. एच. हुसेन प्रभृतींनी ‘रचना’ नावाची चळवळ उभारून जुनी जोडाक्षरे फाँटमध्ये परत आणली, आणि स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग या स्वयंसेवकांच्या गटाने ती मुक्त सॉफ्टवेअरच्या द्वारे सर्वांपर्यंत पोचवली. लिपीने यंत्रासाठी वाकायचे की यंत्राने लिपीसाठी, याचे उत्तर तेथील भाषाप्रेमींनी दिले. कारण यंत्राची आज्ञावली त्यांना हाताळता येत होती.

रोजच्या कामात

हे सारे आपल्या मेजावर कशा रूपात येते? लिब्रे ऑफिस २०१० पासून स्वतंत्रपणे विकसित होत आहे. त्यात जतन केलेला लेख ओपन डॉक्युमेंट या स्वरूपात असतो आणि हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ती फाइल म्हणजे एक गाठोडे असते. ते सोडले तर आतला मजकूर साध्या संपादकातही वाचता येतो. उद्या लिब्रे ऑफिस नामशेष झाले तरी लेख उरेल. संदर्भांच्या नोंदींसाठी झोटेरो आहे. ओव्या, लोकगीते यांच्या ध्वनिमुद्रणावर काम करण्यासाठी ऑडॅसिटी आहे. छापील पानाचे युनिकोड मजकुरात रूपांतर करणारे टेसेरॅक्ट एचपी कंपनीत जन्मले, २००५ मध्ये खुले झाले आणि आज देवनागरीही वाचते, अर्थात मुद्रितशोधनाची गरज ठेवून. ग्रंथनिर्मितीसाठी टेक आहे. आपल्याच ग्रंथाची १९७७ मधील कुरूप मुद्रिते पाहून अस्वस्थ झालेल्या डोनाल्ड कनूथ यांनी ते निर्माण केले आणि मुक्तपणे देऊन टाकले. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी ख्रोनिंगेन विद्यापीठात त्यासाठी देवनागरीची सोय केली. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही मुक्त सॉफ्टवेअरवरच चालतो.

उणिवाही आहेत, आणि त्या झाकण्यात हित नाही. मराठी शुद्धलेखन तपासणीची मुक्त साधने अजून तोकडी आहेत. काम मूठभर स्वयंसेवकांवर किंवा कंपन्यांच्या औदार्यावर चालते. भाषेचे जाणकार आणि आज्ञावली लिहिणारे यांची गाठ क्वचितच पडते. यातील शेवटची उणीव तर आपलीच आहे: ‘दऱ्या’ कुठे चुकतो हे सांगण्यासाठी प्रोग्रॅमर असावे लागत नाही, व्याकरण यावे लागते.

म्हणून विभागांनी करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. प्रबंधांची आणि नियतकालिकांची संगणकीय प्रत युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात जतन करावी. आणि जुन्या फाँटांतील मजकूर, ते फाँट ओळखणारी माणसे हयात आहेत तोवर, रूपांतरित करून घ्यावा. पूर्वी फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचे एक मुक्त साधन होते. वृत्तपत्रांच्या खाजगी फाँटांतील मजकूर ते युनिकोडमध्ये आणून दाखवी. अशी रूपांतरे शक्य असतात, कारण संकेत शेवटी उलगडतोच. मात्र तो उलगडण्यासाठी प्रत शिल्लक असावी लागते. मठांनी पोथ्या जपल्या म्हणून राजवाड्यांना उलगडण्यासाठी काही उरले होते. फ्लॉपीवरचे चुंबकीय अक्षर तेवढी वाट पाहत नाही.