कुत्न ते कॉटन

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आमच्या खानदेशात वर्गाची हजेरी रोडावते. कापूस वेचणीचे दिवस असतात. आयांबरोबर पोरीही शेतात जातात. अशाच एका दिवशी एक विद्यार्थी माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, माझं आडनाव पिंजारी आहे. ते काढून मन्सुरी लिहिता येईल का? पोरं चिडवतात."

त्याचे आजोबा खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव गाद्या पिंजत फिरत. फोमच्या गाद्या आल्या, तो धंदा बसला; आडनाव मात्र राहिले. मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. पुढचा तास इंग्रजीचा होता. फळ्यावर एकच शब्द लिहिला : कॉटन.

"हा शब्द कोणाचा?" सगळे म्हणाले, "इंग्रजांचा."

शब्दकोश वेगळेच सांगतो. अरबीत कापसाला 'कुत्न' म्हणतात. अरबांची सत्ता आणि व्यापार यांच्याबरोबर हे पीक आणि त्याचे नाव स्पेन, सिसिलीपर्यंत पोहोचले. स्पॅनिशमध्ये 'अल्गोदोन' झाले, तेव्हा अरबीतला 'अल'ही त्याला चिकटून राहिला. फ्रेंचांनी 'कोतों' केले आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी 'कॉटन' घेतले. जर्मन माणूस आजही कापसाला 'झाडाची लोकर' म्हणतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस यानेही हिंदुस्थानातल्या झाडांना लोकर लागते, असेच लिहून ठेवले होते.

पण देणेघेणे एकतर्फी नव्हते. आपला 'कर्पास' पश्चिमेकडे गेला. फारसीत जाड्याभरड्या सुती कापडाला 'करबास' म्हणतात, तो त्याचाच वंशज. इंग्रजीतल्या कॅलिको कापडाला नाव दिले कालिकतने, मस्लिनला मोसूल शहराने. आजही कापसाचा घाऊक भाव ३५६ किलोच्या 'कँडी'वर ठरतो. ही कँडी म्हणजे आपली खंडी! अमेरिकेतली मुले 'कॉटन कँडी' खातात, आपण तिला बुढ्ढी के बाल म्हणतो. तिथली कँडी मात्र खंडी नव्हे. ती संस्कृतातल्या खंड म्हणजे खडीसाखरेपासून अरबी-फ्रेंच वाटेने गेलेली. एका मिठाईच्या नावात अरबी आणि संस्कृत शेजारी बसले आहेत.

इंग्रजीत 'कॉटन' म्हणजे शिवायचा दोराही. 'कॉटन ऑन' म्हणजे उमगणे. जिनिंगमधला 'जिन' हा 'एंजिन' शब्दाचाच तुकडा. आमच्याकडे शेतात कपाशी असते, घरात रुई, गाठीवर कॉटन, दुकानात 'प्युअर कॉटन'. २००२ साली बीटी वाणाला परवानगी मिळाल्यापासून शेतकऱ्याच्या तोंडी 'बीटी'ही बसले.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबताच भाव कोसळले. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल ही नावे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतात. वेचणाऱ्या, पिंजणाऱ्या, विणणाऱ्या हातांची नावे मात्र कुठे येत नाहीत. ती आडनावांतच उरली.

तास संपताना मी त्या मुलाला जवळ बोलावले. म्हटले, "मन्सुरी लिहायचं तर लिही, पण आधी एक ऐक. हे नाव मन्सूर हल्लाज यांच्यावरून आलं, असं तुझ्याच बिरादरीतले बुजुर्ग मानतात. इसवी सन ९२२ मध्ये बगदादमध्ये सुळी गेलेले ते सूफी. आणि अरबीत 'हल्लाज' म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"नाही, सर."

"पिंजारी."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हसला आणि जागेवर जाऊन बसला. अर्ज त्याने पुन्हा आणला नाही. आणला असता तर मी सही केली असती. नाव त्याचे आहे. पण ते बदलायचे कारण लाज नसावे, एवढेच मला वाटत होते.