हळदणकरांचा उजेड

हातात दिवा धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र आपण सर्वांनीच कॅलेंडरवर नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्यात पाहिले आहे. ‘राजा रविवर्म्याचे ना?’ असे हमखास विचारले जाते. पण रविवर्मा १९०६ साली वारले आणि ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र १९४५-४६ चे. ते काढले आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी.

हळदणकरांचा जन्म १८८२ चा. शाळेतल्या चित्रकलेच्या मालवणकर मास्तरांनी या मुलाचा हात ओळखला. संस्थानिकांचा आधार मिळाला आणि १९०३ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढून मुलांना शिकवायला सुरुवात केली. १९१८ च्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांतही ते होते. तैलरंगातील व्यक्तिचित्रांनी त्यांना नाव मिळवून दिले, पण त्यांची खरी कसोटी जलरंगात लागली.

तैलरंगात गडद रंगावर फिकट रंग चढवता येतो, चूक झाकता येते. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागदच. उजेड कुठे ठेवायचा हे आधी ठरवावे लागते. एकदा रंग मुरला की माघार नाही. आम्हा संगणकवाल्यांना ‘अनडू’च्या बटणाची सवय, म्हणून मला याचे फार अप्रूप वाटते. ‘ग्लो ऑफ होप’ जलरंगातच आहे. ज्योतीवर आडवा धरलेला हात, बोटांतून झिरपणारी लाली, चेहऱ्यावरची सोनेरी झाक आणि मागची सावली, हे सगळे त्या एका दिव्याच्या हिशोबाने मांडलेले आहे. चित्रासाठी उभी राहिली होती त्यांचीच मुलगी, गीता.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. चित्र घरोघरी पोहोचले, चित्रकाराचे नाव मात्र वाटेतच गळले. १९६८ साली हळदणकर गेले.

मित्रमैत्रिणींनो, चित्रकलेचा तास आपण अनेकदा गणिताच्या जादा तासाला दिला. तरीही एलिमेंटरी, इंटरमिजिएटसाठी आपल्याकडून स्थिरचित्रे घोटून घेणारे शिक्षक होते. मालवणकर मास्तर त्यांच्यातलेच एक. पुढच्या वेळी ते दिव्याचे चित्र कुठे दिसले, तर शेजारच्याला हळदणकरांचे नाव जरूर सांगा.